झाकली मूठ ४६ सेंटिमीटरची

युद्धनौका लपवण्यात खरी अडचण तिच्या लांबीची असते. जपानची ‘मुसाशी’ २६३ मीटर लांब होती आणि २९ मार्च १९३८ रोजी तिची बांधणी सुरू झाली ती नागासाकी बंदरात, भर शहरासमोर. ब्रिटन आणि अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासांनाही कारखाना दिसत असे. तेव्हा आधी पडदा आला. तंतूंच्या दोरांचा, सुमारे ४०० टनांचा. त्यापायी मासेमारीला दोर मिळेना. मोठे गुपित पहिल्यांदा फुटते ते असे बाजारात.

पडदा फक्त डोळ्यांपुरता. कागदपत्रांसाठी शब्द लागतात. आरमाराच्या लेखी ही ‘क्रमांक २ ची नौका’, कारखान्याच्या लेखी ८०० क्रमांकाची. जुन्या वळणाच्या घरात नवऱ्याचे नाव घेत नाहीत तसेच हे, फक्त इथे उखाण्याचीही सोय नव्हती. खरी करामत तोफांच्या बाबतीत झाली. तोंडाचा व्यास ४६ सेंटिमीटर, पण अधिकृत नाव ‘९४ प्रकारची ४० सेंटिमीटर तोफ’. सहा सेंटिमीटर कागदावरच तासून टाकले. गुप्ततेच्याही पाच पायऱ्या होत्या. सर्वात खालची म्हणजे नुसते ‘बाहेरच्यांना सांगू नये’.

१ नोव्हेंबर १९४० रोजी नौका पाण्यात उतरवायची होती. कोणी पाहू नये म्हणून शहरभर हवाई हल्ल्याची तालीम पुकारून लोकांना घरात बसवले. एवढे धूड पाण्यात शिरताच १२० सेंटिमीटरची लाट उठली, मासेमारी होड्या उलटल्या आणि काठच्या घरांत पाणी शिरले. ज्यांनी नौका पाहायची नव्हती, त्यांना ती घरपोच कळली.

तोफांचे गुपित मात्र टिकले. अमेरिकी आरमार त्या १६ इंची, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरच्याच धरून चालले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती मुठीत काही नसते म्हणून; इथे ऐवज खरोखर होता आणि झाकल्यामुळेच त्याची किंमत उतरली. धाक बसावा म्हणून बांधलेल्या तोफेचा आकार ज्याला धाक घालायचा त्यालाच न सांगणे, ही युद्धशास्त्रातली काटकसर म्हणावी लागेल.

२४ ऑक्टोबर १९४४ रोजी सिबुयान समुद्रात विमानांनी ‘मुसाशी’ बुडवली. वरून टाकलेल्या बॉम्बला तोफेच्या व्यासाशी कर्तव्य नव्हते. ४६ हा आकडा अमेरिकी तपासनिसांच्या हाती पक्का लागला तो युद्ध संपल्यावर. तोवर त्या तोफा समुद्राच्या तळाशी होत्या.