निकृष्ट मातीचे शौकीन

कीटकभक्षी वनस्पती माशा खातात त्या चवीसाठी नव्हे, परिस्थितीमुळे. जिथे पाणी सतत झिरपून जमिनीतलं नत्र-स्फुरद धुऊन नेतं आणि बाकीची सभ्य झाडं माना टाकतात, तिथे यांचा जन्म. मुळांना काही मिळेना म्हणून पानांनी धंदा सुरू केला. कुणी पानाचा घडा केला, कुणी पानावर चीक आणला, कुणी पानाचाच जबडा केला. वनस्पतींमध्ये दारिद्र्यरेषा आखायची ठरली, तर पहिलं पिवळं रेशनकार्ड यांनाच द्यावं लागेल.

आणि या गरिबांचा मेळावा भरतो कुठे? तर जिथे दोन खोल्यांच्या घरासाठी माणसं दहा लाख डॉलर मोजतात, त्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियात. तिथे यांच्या शौकिनांचं मंडळ आहे. मंडळ म्हटलं की वार्षिक प्रदर्शन आलं, आणि अमेरिका म्हटली की प्रदर्शनाला लागून विक्री आली. माझे साडू सॅन होजेला असतात. दिवसा ते कंपनीचे सर्व्हर सांभाळतात, संध्याकाळी व्हीनस फ्लायट्रॅप. यंदा त्यांनी प्रदर्शन आणि विक्री दोन्हींत भाग घेतला. मी त्यांच्याकडे पाहुणा होतो, आणि पाहुण्याला ट्रे उचलायला लावणं हे तिकडे पाहुणचारात मोडतं.

या झाडांना काय काय लागतं, असं नवखा माणूस विचारतो. खरं म्हणजे काय काय लागत नाही, हे विचारायला हवं. खत चालत नाही, चमचाभर घातलं तरी मुळं जळतात. बागेतली माती चालत नाही. नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार कुंडीत साठत जातात आणि झाड हळूहळू मरतं. म्हणून साडू कॅनडाहून आलेलं पीट मॉस विकत आणतात, ज्यात पोषण जवळजवळ नसतं. त्यात पर्लाइट मिसळतात, ज्यात ते मुळीच नसतं. आणि गॅलनच्या डब्यांतून डिस्टिल्ड पाणी आणतात, ज्यातून होतं नव्हतं तेही काढून टाकलेलं असतं. तीन दुकानांत पैसे मोजून घरी काय आलं? काही नाही. इतकं निव्वळ ‘काही नाही’ हाती लागायला आपल्याकडे संतांची हयात जात असे. साडूंचं ते शनिवारी सकाळी होतं.

पाण्यातही वतनदारी असते. सॅन फ्रान्सिस्को शहराला योसेमिटीतल्या हेच हेची जलाशयाचं पाणी येतं, ते मुळातच मऊ. तिथले शौकीन नळाखाली कुंडी धरतात आणि वर ‘आम्ही काही विशेष करत नाही हो’ म्हणतात. सॅन होजेच्या बऱ्याच भागांत पाणी जड. त्यामुळे साडूंच्या खिशाला पेनाच्या जागी टीडीएस मीटर असतं. लिटरमागे पन्नास मिलिग्रॅमच्या वर क्षार दिसले की ते पाणी झाडांना बाद. मग आम्ही त्याचा चहा केला.

विक्रीच्या टेबलावर मला पहिला धडा मिळाला तो चिठ्ठीचा. कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर रोपाचं नाव, वाण, आईबाप, आणि सॅरासेनिया ही अमेरिकन घटपर्णी असेल तर पूर्वजांचं मूळ गाव, म्हणजे बी कोणत्या राज्यातल्या कोणत्या परगण्यातलं, एवढं सगळं असतं. चिठ्ठी हरवलेलं रोप कितीही देखणं असो, त्याची अवस्था वधूवर मेळाव्यात पत्रिका विसरून आलेल्या मुलासारखी होते. लोक हसून पुढे जातात. माझ्या हातून दोन चिठ्ठ्या खाली पडल्या तेव्हा साडू ज्या वेगाने झेपावले, तो वेग मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

फ्लायट्रॅपच्या वाणांची नावं ऐकून तर कमरेला तलवार बांधावीशी वाटते. ड्रॅक्युला, रेड पिरान्हा, बी-52. अमेरिकेचं बी-52 हे अण्वस्त्रं वाहून नेणारं बॉम्बफेकी विमान. इथलं बी-52 म्हणजे दोन इंचांच्या आतबाहेरचा सापळा, ज्यात माशी अडकते आणि कधी कधी निसटतेही. पण थट्टा पुरे. या वाणांची नोंद आंतरराष्ट्रीय कीटकभक्षी वनस्पती संस्थेकडे रीतसर होते. नवं वाण इतरांहून वेगळं कसं, याचं वर्णन छायाचित्रासह छापून यावं लागतं. आपल्या साहित्यात प्रत्येक नव्या कवीला हा नियम लावला, तर दिवाळी अंक बारा पानांत आटोपतील.

प्रदर्शनाच्या दालनात सगळ्यात मोठी गर्दी एका घटपर्णीपुढे होती. शाळेच्या पुस्तकात चित्र असायचं तीच घटपर्णी, पण ही बोर्निओच्या डोंगरांवरची, नेपेंथिस लोवी. बे एरियातलं धुकं तिला मानवतं. हिची गोष्ट विलक्षण आहे. हिचे वरचे घडे कीटक जवळजवळ पकडतच नाहीत. झाकणाच्या आत एक गोड पांढरा साका जमतो. तो चाटायला खारीएवढा एक प्राणी येतो, घड्याच्या तोंडावर ठाण मांडतो आणि चाटता चाटता तिथेच शौच करून जातो. झाडाला लागणाऱ्या नत्राचा मोठा वाटा त्यातून मिळतो, हे संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिलं. तर या कमोडपुढे सुशिक्षित माणसं रांगेत उभी राहून फोटो काढत होती. एक गृहस्थ तर डोळे मिटून वास घेण्याच्या बेतात होते, त्यांना त्यांच्या पत्नीने वेळीच मागे ओढलं.

फ्लायट्रॅपच्या टेबलावर मात्र ‘हात लावू नका’ अशी पाटी लागते. का लागते तेही सांगतो. सापळ्याच्या आत बारीक केस असतात. एकदा धक्का लागला तर झाड गप्प बसतं. वारा असेल, पावसाचा थेंब असेल. साधारण वीस सेकंदांत दुसरा धक्का लागला, तरच सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात सापळा मिटतो. पहिल्या निरोपावर विश्वास ठेवायचा नाही, हे मेंदू नसलेल्या झाडाला कळतं. ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून पोचलेलं नाही. फुकट मिटलेला सापळा उघडायला दिवसभर लागतो आणि चारदोन वेळा असं झालं की तो कामातूनच जातो. ही सगळी माहिती टेबलावर छापून लावली होती. लोक ती मोठ्याने वाचत होते आणि वाचून झाली की बोट घालत होते. मुलं नव्हेत. मुलं वाचत होती.

प्रश्न ठरलेले. माणूस खातं का? (नाही.) बर्गरचा तुकडा चालेल का? (नाही, कुजेल.) घरातले डास कमी होतील का? हा प्रश्न आला की साडू क्षणभर वर बघतात. घरातले डास कमी करायचे तर जाळी बसवा. या झाडासाठी डास बाहेरून आणावे लागतात. तेही मिळाले नाहीत, तर माशांच्या टाकीसाठी विकतात त्या सुकवलेल्या लाल अळ्या पाण्यात भिजवून चिमट्याने भरवायच्या. साडूंचं घर कडक शाकाहारी, अंडं शिजवायचं तर गॅरेजमध्ये. अळ्यांची बरणी मात्र स्वयंपाकघरात, साबुदाण्याच्या शेजारी. डार्विनने दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी झाडाला कच्चं मांस आणि अंड्याचा पांढरा भाग घालून पाहिला, 1875 मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, पण त्याला चातुर्मास पाळायचा नव्हता.

दुपारी साडूंच्या मातोश्री प्रदर्शनाला आल्या. त्या राजापूरकडच्या. घडे, जबडे, कमोड सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं आणि विक्रीच्या कोपऱ्यात दवबिंदूच्या एका बारक्या कुंडीपाशी थांबल्या. पानांवर लाल केस, केसांच्या टोकांना चिकट थेंब, एका थेंबाला चिकटलेलं चिलट.

‘‘ही तर आमच्या सड्यावरची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पावसात नुसती पसरलेली असते. केवढ्याला?’’

‘‘बारा डॉलर, आई.’’

‘‘म्हणजे हजारावर रुपये! आणि पाणी वेगळं?’’

साडू गप्प. मग त्यांनी सडा म्हणजे नेमकं काय, असं विचारलं, आणि इंजिनिअर माणूस असूनही ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडत गेला. कातळावर मातीचा पापुद्रा, त्यातही कस नाही. पाऊस असा की उरलंसुरलं धुऊन जावं. पाणी आभाळाचं, क्षारांचा पत्ता नाही. म्हणजे साडू जे तीन दुकानांतून गोळा करतात, ते सगळं ‘काही नाही’ राजापूर ते देवगड मैलोन्‌मैल पसरलेलं आहे, आणि फुकट. भरीला ‘सीतेची आसवं’सुद्धा. दिसायला जांभळं-निळं नाजूक फूल. पण ते मातीखाली बारीक फुगे लावून सूक्ष्म जीव ओढून घेतं. कासच्या पठारावर त्याचे फोटो काढायला मोटारींच्या रांगा लागतात. पश्चिम घाटातली जी ठिकाणं 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. राजापूरचा सडा नाही. सरकारी दप्तरात असल्या कातळाला बहुधा ‘पडीक’ म्हणतात.

पडीक म्हटल्यावर आपला उद्योगी स्वभाव जागा होतो. कातळाला सुरुंग लावायचे, खड्डे पाडायचे, ट्रकने माती आणून भरायची, वर खत घालायचं आणि हापूस लावायचा. सॅन होजेचा माणूस ‘काही नाही’ मिळवायला पैसे मोजतो. आपण ते नाहीसं करायला मोजतो. दोघांत शहाणा कोण, हे मी ठरवत नाही. हापूस मीही खातो.

मातोश्रींनी मग तोडगा काढला: परत जाताना दोन फ्लायट्रॅप चकलीच्या डब्यातून गावी नेते, तिथे पाण्याचा खर्च नाही. साडूंनी हात जोडले. हे झाड वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, कागदपत्रांशिवाय सीमेपार नेता येत नाही. ते निसर्गात उगवतं जगात एकाच टापूत, दोन्ही कॅरोलायनांच्या किनारपट्टीत. तिथून चोरट्यांनी पोत्यांनी उपटून नेलं, म्हणून उत्तर कॅरोलायनाने 2014 मध्ये कायदा कडक केला आणि आता काही परगण्यांत त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. प्रदर्शनातली रोपं मात्र बियांतून, तुकड्यांतून नाहीतर ऊतिसंवर्धनातून वाढवलेली असतात, आणि तेवढ्यासाठी या मंडळींना, त्यांच्या चिठ्ठ्यांना आणि मीटरांना मी हसत हसत का होईना, नमस्कार करतो. घ्यायचंच असेल तर रोप अशा मंडळींकडूनच घ्यावं.

तुमच्यापैकी कुणाच्या सातबाऱ्यावर असा कातळ असेल, तर यंदा भाद्रपदात उघडीप बघून एकदा सड्यावर जा. पाय जपून टाका, उकिडवे बसा आणि बोटभर उंचीच्या लाल पानांवर चिलटं चिकटलेली दिसतात का ते बघा. सुरुंगवाल्याला फोन दिवाळीनंतर केलात तरी चालेल.