मुलांना आधी बोलू द्या

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर, उड्डाणपुलाखाली, कंटेनरमध्ये एक शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने २०१६ साली सुरू केलेली ही सिग्नल शाळा. सिग्नलवर गजरे विकणारी मुलं इथे शिकतात, त्यांतली बरीचशी पारधी कुटुंबांतली. घरात पारधी बोली, गाड्यांच्या काचेशी हिंदी आणि हातात मराठी पुस्तक. २०१९ मध्ये या शाळेतली दोन मुलं दहावी पास झाली. डोक्यावरून दिवसभर वाहनं धडधडत असताना हे घडलं. मग ज्या शाळांना चार भिंती आणि पंखे आहेत, तिथली सातवीतली मुलं मराठीत स्वतःच्या मनाने पाच वाक्यं बोलताना का अडखळतात?

मराठी सक्तीचा कायदा २०२० मध्ये झाला. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे वेळापत्रकात तास आला, पण तासाला होतं काय? बाई धडा वाचतात, मुलं ऐकतात, मग फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरतात. पोहणं काठावर बसून शिकवल्यासारखंच हे. भाषेच्या तासाला मुलांनीच तोंड उघडलं नाही, तर तो तास कसला?

चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला मिनिटभर बोलायला उभं केलं, तर तास संपतो आणि एकोणचाळीस जण कंटाळतात. त्याच मुलांच्या जोड्या लावा. एकाने मिनिटभर सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. दोन मिनिटांत चाळीसही जण बोलून होतात. गोंगाट होईल, होऊ द्या. नंतर चार-पाच जणांनी जोडीदाराचं बोलणं वर्गाला सांगायचं, म्हणजे ऐकणंही तपासलं जातं. याला ना निधी लागतो, ना स्मार्ट बोर्ड.

वाचनाचं साहित्य तर आपल्या लोकलच्या मार्गावरच मांडलेलं आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. आठ नावं आठ कागदांवर लिहा आणि मुलांना क्रमाने लावायला सांगा. न वाचता येणारं मूलही लावू लागेल, कारण हा क्रम त्याला पाठ आहे. आता अक्षरांकडे बघा. कळव्यात ळ, कल्याणात ल्य, ठाण्यात ण. मुंब्र्यात अनुस्वार आणि लगेच ब्र. दिव्याची वेलांटी पहिली. डोंबिवलीत पहिली आणि दुसरी, दोन्ही. ठाकुर्लीतला रफार एकदा कळला की कुर्ला आणि कर्जत आपोआप वाचता येतात. पुढे विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर घ्या, म्हणजे ठ्ठ आणि ल्ह यांचीही ओळख होईल. जोडाक्षरांची कोरडी यादी घोकून घेण्यापेक्षा हे शतपटींनी बरं, कारण यातलं प्रत्येक नाव मुलाने कानांनी शंभरदा ऐकलेलं असतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती बोलीवर होणाऱ्या हल्ल्याची. दिवा, कोपर, डोंबिवलीच्या जुन्या गावांत आगरी बोलली जाते. मूल ‘पानी’ म्हणतं, ‘शाला’ म्हणतं, आणि लगेच त्याला सगळ्यांसमोर टोकलं जातं. दोन-चारदा असं झालं की ते मूल हात वर करणंच सोडतं. त्याऐवजी त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहा. त्याच्याकडूनच वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याखाली पुस्तकातल्या मराठीतलं वाक्य लिहा आणि काय बदललं ते मुलांनाच शोधू द्या. मूल प्रमाण मराठी शिकेल आणि आजीची भाषाही टाकणार नाही. भोजपुरी, तेलुगू, अहिराणी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठीही वाट हीच.

यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच शिकवण्याचं साहित्य झालं. बोर्डी आणि कोसबाड आज पालघरमध्ये असले, तरी २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. आपल्याच जिल्ह्याचा हा वारसा डी.एड.च्या परीक्षेत टिपेपुरता उरावा, हे लाजिरवाणं आहे.

पुस्तकांचीही वानवा नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. महिन्यातून एकदा वर्ग तिथे न्या. पुस्तक मुलाने निवडायचं आणि त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

शिक्षकांना वेळ नाही, हे खरं आहे. निवडणुकीची कामं, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणं, यात त्यांचा जीव जातो, आणि त्याबद्दल त्यांनी जरूर भांडावं. पण जोड्या लावायला दोन मिनिटं लागतात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या मुख्याध्यापकांना आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसा, वह्या मागू नका, शिक्षक सोडून किती मुलं बोलली ते मोजा. आणि पालकसभेत जाणाऱ्या आईवडिलांनो, गुण विचारण्याआधी हा आकडा मागा.