अस्वलाचा सदरा

विनी-द-पू हे १९२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातले अस्वल. बुद्धी बेताची, मधाचा हावरटपणा मोठा, अंगावर बहुधा कपडा नाही. ए. ए. मिल्न यांनी ते आपल्या मुलाच्या खेळण्यावरून रचले आणि ई. एच. शेपर्ड यांनी चितारले. १९३० मध्ये स्टीव्हन स्लेसिंजर या अमेरिकी गृहस्थाने एक हजार डॉलर आगाऊ देऊन अमेरिका-कॅनडापुरते व्यापारी हक्क घेतले. दोन वर्षांत अस्वलाच्या अंगात लाल सदरा आला. उघड्या अंगावर शिक्का मारायचा कुठे, ही अडचण त्यामुळे सुटली.

मिल्न १९५६ मध्ये वारले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण म्हशीच्या बाबतीत अतिशयोक्ती असेल, लेखकाच्या बाबतीत नाही. १९६१ साली डिस्नेने दोन विधवांकडून हक्क मिळवले: एक मिल्न यांची, दुसरी स्लेसिंजर यांची. मिल्न यांच्या मृत्युपत्रानुसार कमाईचे वाटेकरी होते कुटुंब, एक शाळा, गरजू लेखकांचा निधी आणि गॅरिक क्लब. या क्लबात २०२४ पर्यंत स्त्रियांना सभासद करून घेत नसत; म्हणजे पुस्तकातल्या कांगारूबाईंच्या कमाईत ज्याचा वाटा, त्याच क्लबाचे दार त्यांना बंद. २००१ मध्ये डिस्नेने या वाटेकऱ्यांचे हक्क सुमारे ३५ कोटी डॉलरना विकत घेतले.

स्लेसिंजरांच्या वारसांनी मानधन कमी मिळाल्याचा दावा १९९१ साली लावला होता. तो २००४ मध्ये फेटाळला गेला, कारण त्यांच्या गुप्तहेराने डिस्नेच्या कचऱ्यातून कागद उचलल्याचे न्यायालयाला आढळले. मधाच्या भांड्यात डोके अडकवणाऱ्या अस्वलाला हा खटला आपल्याच गोष्टीतला वाटला असता.

१ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत पहिले पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळे झाले. पुढच्याच वर्षी अस्वल भयपटात माणसे मारू लागले. सदरा मात्र मोकळा झाला नाही. लाल सदऱ्यातले रूप डिस्नेचे. ब्रिटनमध्ये हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. त्यामुळे तिथे मजकूर २०२६ अखेरपर्यंत बांधलेला, आणि शेपर्ड १९७६ पर्यंत जगल्याने चित्रे २०४६ अखेरपर्यंत. चित्रकाराचे दीर्घायुष्य वारसांना असे फळते. भारतात हिशेब ६० वर्षांचा, म्हणून इथे मजकूर २०१७ पासूनच मोकळा आहे.

मूळ खेळणे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात काचेच्या कपाटात बसलेले आहे. त्याच्या अंगात सदरा नाही.