बीएएमएसला किती लागतात? नवख्या पालकांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! मुलीचा नीटचा निकाल लागला आहे आणि घरात एमबीबीएसचं नाव निघेनासं झालं आहे. म्हणजे आपण आता आयुर्वेदाचे जाज्वल्य अभिमानी झालात. परवापर्यंत च्यवनप्राश आणि दिवाळीचं उटणं यापलीकडे या शास्त्राशी आपला संबंध नव्हता, हे मनाला लावून घेऊ नका. बहुतेकांचं असंच असतं.

सुरुवात प्रश्न विचारण्यापासून करा. ‘बीएएमएसला किती लागतात हो?’ हा प्रश्न शेजाऱ्यांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना, लग्नाच्या पंगतीत भेटलेल्या लांबच्या मामांना, कुणालाही विचारता येतो. उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. कुणी तीनशे सांगेल, कुणी साडेचारशे. हे सगळे आकडे खरेही असू शकतात. फक्त वर्ष, प्रवर्ग, फेरी आणि कॉलेज वेगवेगळं असतं. एवढ्या चौकशा मात्र करू नयेत. गप्पांची मजा जाते.

मग येते पात्रता. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल लागतात, असं कानावर पडताच ७२०चे निम्मे ३६० करून मोकळं व्हावं, आणि मुलीला २१० पडले म्हणून तिच्याशी दोन दिवस अबोला धरावा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी समजावून सांगतं की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी निम्म्यांना मागे टाकलं की झालं. त्यासाठी २०२२ला ११७ गुण पुरले, २०२४ला १६२ लागले, २०२५ला १४४. आता पेढे आणा. पेढे संपले की पुढचं वाक्य वाचा : २०२५ला देशभरात १२ लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. खिडकीपर्यंत पोचाल की नाही, ते रांगेतल्या नंबरावर.

हा नंबर म्हणजे ऑल इंडिया रँक, आणि खरा खेळ त्याचाच. २०२४ला ७२०पैकी ७२० मिळवणारे सुरुवातीला ६७ जण निघाले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५चा पेपर असा निघाला की देशात पहिला आलेला ६८६वर थांबला. साहजिकच २०२४ला ५०० गुण मिळवून जो दोन लाखांच्या आसपास होता, तो तेवढ्याच गुणांवर २०२५ला लाखाच्या कितीतरी आत आला असता. म्हणून गेल्या वर्षीचा कटऑफ बघायचाच असेल तर गुणांचा रकाना झाकून रँकचा वाचा. मामा नेमकं उलटं करतात.

जाता जाता एक गंमत. वैद्य व्हायला निघालेल्यांच्या या प्रश्नपत्रिकेत आयुर्वेदाचा प्रश्न नसतो. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायन यांचे प्रत्येकी ४५. वात-पित्त-कफ पहिल्या वर्षी संस्कृतला सोबत घेऊन एकदम अंगावर येतात. ज्या मुलीचा कल खरोखर या शास्त्राकडे आहे, तिचा प्रवेश विद्युतमंडलाच्या गणितावर अडावा, हे मला तरी पटलेलं नाही.

आता अर्ज. राज्याच्या ८५ टक्के जागा सीईटी सेल भरतं आणि अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा आयुषची केंद्रीय समिती. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या. एकीकडे अर्ज भरला की दुसरीकडे तो आपोआप जातो, अशी गोड समजूत करून घेणारे दरवर्षी भेटतात. नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी ही प्रमाणपत्रं निकालानंतर काढायला घेतली तर जुलै-ऑगस्टचा वेळ अगदी छान जातो.

पसंतीक्रमात बहुतेक जण वरळीचं पोदार वर लिहितात, मग नागपूर, नांदेड, धाराशिव, जळगाव ही सरकारी नावं. खरी परीक्षा त्याच्या खाली सुरू होते : खासगी कॉलेजांची लांबलचक यादी, फीचे आकडे, आणि ‘हे नेमकं कुठल्या तालुक्यात?’ यावर घरात वाद. पुढे एका रात्री निवड यादीची पीडीएफ येते. वडील मोबाइलवर दोन बोटांनी ती मोठी करत शेकडो पानं सरकवतात. आई मागून सांगते, ‘अहो, रोल नंबर टाकून शोधा ना!’ ते ऐकत नाहीत.

नाव लागलं नाही तर पुढच्या फेऱ्या असतात. त्यांत आकडा खाली येतो, म्हणून मामांचा तीनशेही कुठेतरी खरा ठरतो. पण प्रत्येक फेरीचे नियम आधी वाचा. मिळालेली जागा नाकारली तर काही टप्प्यांवर अनामत रक्कम जाते. तेव्हा जिथे पाठवायची तयारी नाही, त्या कॉलेजचं नाव केवळ यादी लांबवायला भरू नका.

आणि हो, अर्ज भरताना ओटीपी मुलीच्या मोबाइलवर येतो. तो मागायला जाल तेव्हा तिला बीएएमएस करायचं आहे का, तेही विचारून घ्या. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं तिला काढायची आहेत.