विमा-दाव्यांच्या फोनवर रुजू होताना: खडकवासलेकरांसाठी मार्गदर्शिका

विमा कंपनीच्या क्लेम विभागात मराठी-इंग्रजी फोन घेण्याची नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. धरणाशेजारी राहत असल्याने तुमची निम्मी पात्रता सिद्धच आहे. उरलेली पुढीलप्रमाणे कमवावी.

१. प्रवास : रविवारी संध्याकाळची शिफ्ट असल्यास दुपारीच निघावे. चौपाटीवर कणीस-भजी खायला आलेले अर्धे पुणे सिंहगड रस्त्यावर तुमची वाट अडवून उभे असते. उशिराचे कारण सांगू नये. या खात्यात कारणे ग्राहकाने द्यायची असतात, आपण ती फक्त नोंदवायची.

२. अंदाज : नवखे लोक सकाळी कॉलची संख्या पाहतात. तुम्ही आदल्या रात्री धरणाच्या विसर्गाचा आकडा पाहावा. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकहून अधिक पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. विसर्ग वाढल्यावर रजा मागू नये. मिळत नाही आणि हेतूही उघडा पडतो.

३. भाषा : सहानुभूती मराठीत द्यावी, नकार इंग्रजीत. 'ॲज पर पॉलिसी टर्म्स अँड कंडिशन्स' म्हटले की कॉल आटोपतो. मराठीत दिलेला नकार कळतो आणि वाद वाढतो. ग्राहक चिडून इंग्रजीवर आला, तर फोन मॅनेजरकडे द्यावा. मॅनेजर लगेच मराठीत 'काका' म्हणतो.

४. जाणकार ग्राहक : कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असे विमा नियामक 'इर्डाई'चे २०२४चे परिपत्रक सांगते. ते वाचलेल्या ग्राहकाला होल्डवरचे संगीत ऐकवू नये. विमा लोकपालाचे कार्यालय पुण्यातच आहे आणि तिथे तक्रारीला फी नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला 'साहेब' म्हणावे.

५. स्क्रिप्ट : "अहो ताई, गाडीत पाणी शिरलंय!" असा फोन आला की आधी पॉलिसी क्रमांक, मग जन्मतारीख, मग नोंदवलेला मोबाइल विचारावा, असे स्क्रिप्ट सांगते. तेवढ्या वेळात काकांनी चावी फिरवून पाहिलेली असते. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्टचे ॲड-ऑन नसेल तर तो खर्च बहुधा काकांच्याच माथी बसतो. म्हणून नमस्कारही न करता "काका, गाडी चालू करू नका, टो करून न्या" असे बोलून टाकावे. कॉल तपासणीत स्क्रिप्ट मोडल्याचे गुण कापले जातील. कापू द्यावेत. गुण पुढच्या महिन्यात भरून निघतात, इंजिन निघत नाही.