लाल तारखेखालची तिथी

नवं कॅलेंडर घरात आलं की भिंतीवर टांगायच्या आधी त्यातल्या लाल तारखा मोजल्या जातात. कुठली सुट्टी शुक्रवारी पडली, कुठली सोमवारी, मध्ये एक रजा टाकली तर सलग चार दिवस निघतात का, एवढं झालं की सुट्टीचं नियोजन झालं. मग मुंबई, ठाणे आणि पुणे त्याच तारखांवर बोट ठेवतात, अलिबाग, काशीद, मुरुड, दिवेआगरला त्याच तारखांच्या खोल्या धरतात आणि एकाच सकाळी वडखळ नाक्यावर एकमेकांच्या गाड्यांचा धूर खातात. गर्दीबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणसाला समुद्र हवासा वाटतो आणि वाटावा. माझं भांडण वेगळं आहे. त्याच लाल आकड्याखाली बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते, आणि समुद्राकडे निघालेल्यांपैकी ती कुणी वाचत नाही.

समुद्र तिथीवर चालतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला हे सांगावं लागत नाही आणि शहरातल्या माणसालाही शिकायला पाच मिनिटं पुरतात. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसाही आणि रात्रीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, प्रतिपदेपासून पुन्हा एक. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सुट्टी आखायला हा हिशेब भरपूर झाला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतं, तेव्हा चढउतार कमी.

आता या हिशेबाने आपल्याच लाल तारखा तपासा. आपल्या निम्म्याशिम्म्या सुट्ट्या तिथीने येतात, म्हणजे त्या दिवशी समुद्र काय करणार हे वर्षभर आधी जवळपास ठरलेलं असतं. धुळवड घ्या. होळी पौर्णिमेची, धुळवड वद्य प्रतिपदेची. दरवर्षी उधाण, दरवर्षी पाऊण-एकच्या सुमारास भरती. दुपारी रंग धुवायला म्हणून पोरं किनाऱ्यावर येतात तेव्हा ते पाणी परतीला लागलेलं असतं. उधाणाचं साडेतीन-चार मीटर चढलेलं पाणी सहा तासांत मागे जातं, आणि जाताना कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ओढून नेण्याइतकी ताकद त्याच्यात असते. पोहता येतं की नाही हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही. धुळवडीनंतरच्या पेपरात कुठल्यातरी किनाऱ्यावर कुणी बुडाल्याची बातमी आपण कितीदा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्यात ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे शब्द असतात. अंदाज घरातल्या भिंतीवर छापलेला होता.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो सोमवार होता, ना सण ना जोडून सुट्टी. त्या दिवसानंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळा-कॉलेजच्या सहलीच्या कागदावर बस सुटण्याची वेळ, नाश्त्याची वेळ आणि जेवणाची वेळ यांच्या शेजारी भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली असायला हवी होती. अजूनही मुलाच्या सहलीचं पत्रक हातात आलं की पालकांनी पहिल्यांदा तेच विचारावं. टोपी आणि पाण्याची बाटली नंतर.

बरं, हा हिशेब नुसता जीव वाचवण्यापुरता नाही. सुट्टी चांगली जाण्यासाठीही तोच लागतो. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला लोक येतात, आणि कधी येतात? हॉटेलचा नाश्ता उरकून, अकरा वाजता. दिवाळीत पाडव्याला-भाऊबीजेला अकरा वाजता किल्ल्याभोवती पाणी चढत असतं. मग किनाऱ्यावर उभं राहून किल्ला पाठीमागे येईल असा फोटो काढायचा आणि परत फिरायचं. भाऊबीज म्हणजे द्वितीया. भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-आठला. त्या दिवशी लवकर उठलात तर शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात उभारणी सुरू झालेला, पुढे कान्होजी आंग्र्यांनी ज्याच्या जोरावर अख्खा किनारा राखला तो किल्ला पायी चालत जाऊन पाहता येतो. पायाखाली काळा खडक, मध्ये वाळूवर पाण्याने ओढलेल्या रेघा, खोलगट जागी घोट्याएवढं पाणी. घोडागाडीची चाकं टणक ओल्या वाळूवरून जातात आणि तिथून पुढे पाण्याला लागतात. आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. बघत बसावं असं ठिकाण आहे, पण घड्याळ विसरू नये. येताना घोट्याला लागलेलं पाणी जाताना गुडघ्याला लागतं. दसऱ्याला दशमी असते, म्हणजे ओहोटी दुपारी दीडच्या आसपास. वेळ सोयीची, पण भांग नुकतंच सरत असतं आणि पाणी पुरतं ओसरेलच असं नाही. त्या दिवशी घोडागाडीवाल्याला विचारून निघा. त्याचं म्हणणं कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर ओहोटीशिवाय होतच नाही. डोंगराच्या पोटाशी, लाटांनी कोरलेल्या खडकांवरून ती वाट जाते आणि भरतीला ती पाण्याखाली असते. महाशिवरात्रीला गर्दी लोटते. चतुर्दशी असते, सकाळी साडेदहाच्या सुमाराला उधाणाची भरती. म्हणजे दर्शन झाल्याझाल्या प्रदक्षिणेला निघणारा माणूस नेमका चुकीच्या वेळी खडकावर पोहोचतो. दुपारी जेवून, जरा पडून, चार-साडेचारला निघावं. देव कुठे जात नाही.

आणखी एक गोष्ट या किनाऱ्यावर दर शनिवारी-रविवारी दिसते आणि ती पाहून चीड येते. गाडी थेट वाळूवर घालायची. ओहोटीची ओली वाळू टणक असते, चाकाचा ठसासुद्धा जेमतेम उमटतो, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं हा डांबरी रस्ताच. भरती चढू लागली की तीच वाळू चाकाखालून निसटते, गाडी बसते, ॲक्सिलरेटर दाबला की आणखी बसते. मग गावातल्या पोरांना हाका, ट्रॅक्टरची शोधाशोध, आणि तोवर लाट दाराच्या कडीला लागलेली. गाडी गेली तर विमा आहे. पण दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, किनाऱ्यावर लहान मुलं वाळूचे किल्ले करत बसलेली असतात, त्यांचा विमा कुणी उतरवलेला नाही.

जायचं कुठे, हेही हल्ली रील ठरवतात. एकाने काशीदला झोपाळ्यावर बसून फोटो काढला की पुढची हजार माणसं त्याच झोपाळ्यासाठी रांग लावतात, आणि जवळच फणसाडच्या अभयारण्यात शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत असतं ते पाहायला कुणी वळत नाही. माझ्या मते ज्याला सुट्टीसाठी काही सुचत नाही त्याने रील मिटवून अलिबाग-रेवदंडा रस्त्याचा नकाशा उघडावा. आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी आद्य शिलालेखांत तो गणला जातो. आपण ज्या भाषेत मुलांना हाका मारतो ती हजार वर्षांपूर्वी दगडावर कशी दिसत होती हे मुलांना दाखवायला दहा मिनिटं लागतात, आणि त्या दगडावरून रोज शेकडो गाड्या नागावच्या वॉटर स्पोर्ट्सकडे निघून जातात. पुढे खाडी ओलांडली की कोर्लई. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं होऊन गेली तरी त्या गावात काही घरांतून अजून त्यांच्या बोलीतून उतरलेली भाषा बोलली जाते. मांडव्याकडून येताना सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे; पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी घडवला त्यांच्या राहत्या घरात त्यांची शिल्पं उभी आहेत.

आणि किहीम. १९३० मध्ये सलीम अली हाताला नोकरी नसताना पत्नीसह किहीमच्या घरी येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात ते महिनोन् महिने एकाच ठिकाणी बसून ती घरटी पाहत राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर आत राहते. मग तो नर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीच्या संसाराचा हा उलगडा त्यांनी तिथे केला आणि पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. भारतातल्या पक्षीअभ्यासातलं एक महत्त्वाचं काम किहीमच्या पावसात झालं. आपण मात्र पावसाळा म्हणजे किनाऱ्याचा बंद हंगाम असं धरून चालतो. जंजिऱ्याच्या होड्या तेव्हा बंद असतात, गेटवे ते मांडवा लाँचही थांबतात, जून-जुलैत मासेमारीही बंद असते, हे खरं. पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो सुरू आहे, हवामान साथ देईल तेव्हा ती पावसातही जाते, तासाभरात गाडीसकट पलीकडे उतरवते. पाण्यात उतरायचं नाही एवढं पथ्य पाळलं तर सुगरणी पाहायला याहून चांगला काळ नाही. ताज्या पापलेटचा हट्ट तेवढा धरू नये.

माझा आग्रह असा की निदान एकदा आठवड्याच्या मधल्या वारी या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग, सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यावर ती धरायला पाच-सात वर्षं सहज जातात, नारळालाही तसाच वेळ लागतो. आजोबांनी लावलेली बाग एका दुपारी गेली, आणि मधल्या वर्षांत अनेक घरं चालली ती पाहुण्यांना दिलेल्या दोन खोल्यांवर आणि घरगुती जेवणावर. सगळे पाहुणे शनिवारी संध्याकाळी येतात आणि रविवारी दुपारी जातात. पाच दिवस खोल्या रिकाम्या, दोन दिवस अंगणात गाद्या टाकायची पाळी. मंगळवारी आलेलं एक कुटुंब त्या घराला शनिवारच्या चार कुटुंबांपेक्षा जास्त उपयोगाचं असतं. आणि मंगळवारी त्या घरच्या काकूंना तुमच्याशी बोलायला वेळ असतो, वाडीत नेऊन नवी लावलेली रोपं दाखवायला वेळ असतो.

जेवणाचंही आधी सांगा. खाणावळीत दुपारी एकला बारा माणसं शिरून ‘काय ताजं आहे’ विचारणं हा अन्याय आहे. सकाळी नऊच्या आत फोन करा: किती ताटं, किती मासे खाणारी, किती शाकाहारी. त्या हिशेबाने काकू कोळणीकडून मासे घेतात, नारळ खवतात, सोलकढी करतात. न सांगता गेलात तर तुम्हाला फ्रीजमधलं मिळेल, आणि सांगून न गेलात तर त्यांच्याकडे बारा ताटांचं कालवण उरेल. सुट्टीच्या नियोजनात यासारखी दुसरी उपयोगाची गोष्ट मला माहीत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. पातीची वेणी घालून ती विणलेली असते, भौगोलिक मानांकन मिळालेला कांदा आहे, आणि तो भाव पाडून मागू नका.

शेवटची मागणी गावकारभाऱ्यांकडे. किनाऱ्यावर शिरताना काही ग्रामपंचायती गाडीमागे पावती फाडतात. गाव स्वच्छ ठेवायला पैसे लागतात, ते घ्यावेत. त्या पावतीवर गाडीचा नंबर असतो, रक्कम असते, मागची बाजू कोरी असते. तिथे रोज एक शिक्का मारा: आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पाण्यात कधी उतरू नये. शिक्क्यातले आकडे दर सकाळी बदलायला गावातलं आठवीतलं पोर पुरे.