दोन हजार सहाशे वारकरी

पक्ष्यांतलं मला कळतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तिचा सगळा आधार म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटात उभा असलेला मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश. पाहुणे सोफ्यावर बसले की त्यांच्या नजरेच्या बरोबर समोर तो येतो, अशी व्यवस्था मी केलेली आहे. कोणी विचारलंच तर "हो, वाचन चालू असतं" एवढं म्हणून मी चहा पुढे करतो. वाचन पहिल्या अकरा पानांपर्यंत झालेलं आहे.

त्यामुळे फेब्रुवारी 2024 मध्ये कोणीतरी आमच्या सोसायटीत पक्षीगणनेची वार्ता आणली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी विनयाने खाली पाहिलं. अमेरिकेत 1998 साली सुरू झालेली ही परसबागेतली गणना 2013 पासून आपल्याकडेही होते. फेब्रुवारीतले चार दिवस, त्या वर्षी 16 ते 19. कुठेही उभं राहायचं, निदान 15 मिनिटं दिसतील-ऐकू येतील ते पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड नावाच्या ॲपवर चढवायची. पैसे नाहीत, परीक्षा नाही, शाल-श्रीफळ नाही. म्हणजे हे काम नक्की मराठी माणसांसाठी आहे, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून भोपाळच्या सर्वधर्म कॉलनीतल्या आमच्या गच्चीवर गेलो. तेव्हा कोलार रोडचं सहापदरीकरण चालू होतं. एवढी धूळ की समोरच्या इमारतीवरचं होर्डिंगसुद्धा मला पूर्ण खात्रीने ओळखता येत नव्हतं. गळ्यात मेहुण्याची दुर्बीण होती. ती मी पहिली पाच मिनिटं उलटी धरली आणि कबुतरं इतक्या लांब का गेली याचं आश्चर्य करत राहिलो. ही बाब या लेखाच्या बाहेर जाऊ नये.

तेवढ्यात शेजारचे शर्माजी कुंडीला पाणी घालता घालता ओरडले, "देखिए, नीलकंठ! बड़ा शुभ होता है." विजेच्या तारेवर मातकट रंगाचा, मोठ्या डोक्याचा एक पक्षी बसला होता. दसऱ्याला याचं दर्शन घ्यायला इकडची माणसं शेतातून भटकतात, एवढं मला ठाऊक होतं. आता अडचण भाषेची. आम्ही घरात मराठी बोलतो, जिन्यात हिंदी आणि मोबाइल इंग्रजी बोलतो. नील म्हणजे ब्लू, कंठ म्हणजे थ्रोट. टाइप केलं तर काय आश्चर्य, ब्लूथ्रोट नावाचा पक्षी यादीत हजर! परमेश्वर अभ्यासू माणसाच्या पाठीशी असतो. मी लिहिलं : ब्लूथ्रोट, 1, तारेवर.

पंधरा मिनिटांत नऊ जाती झाल्या. बुलबुल, वेडा राघू, तांबट, शिंपी, दयाळ, अशी वजनदार मंडळी. कावळे, कबुतरं, साळुंक्या होत्याच, पण त्यांत काय लिहायचं? लग्नाच्या अहेराच्या यादीत कोणी अक्षता लिहितं का? शेवटी ॲपने विचारलं, ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? प्रश्न माझ्या विद्वत्तेबद्दल आहे असं समजून मी ठणकावून 'होय' दाबलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, स्वयंसेवकांची एक टोळी कलियासोत धरणावर जाणार होती. चूनाभट्टीकडून वळून आम्ही अंधारातच पोचलो. मोठा तलाव भरला की भदभद्याच्या दारांतून पाणी सुटतं, ते याच कलियासोत नदीत. मोठा आणि छोटा तलाव मिळून भोज पाणथळ, 2002 पासून रामसर यादीत. तिथे सारस दिसतात म्हणून लोक लांबून येतात. कलियासोत-केरव्याच्या बाजूला मात्र वाघही फिरतात. ही माहिती मला गाडीतून उतरल्यावर देण्यात आली. पुढची दहा मिनिटं मी टोळीच्या बरोबर मध्यभागी चाललो. मग डावीकडच्या झुडपात पाचोळा जोरात खसखसला आणि मी एका कॉलेजच्या मुलाच्या मागे गेलो. झुडपातून सातभाई निघाले. मोजले तर नऊ होते. आपण त्यांना भाऊ म्हणतो, इकडे कोणी बहिणी म्हणतात. एवढा गोंगाट ऐकल्यावर मला वाटतं, ते एकाच घरातले आणि सगळे वाटणीला बसलेले असावेत.

टोळीची म्होरकी होती प्राणिशास्त्र शिकणारी एक मुलगी. ती मला 'अंकल' म्हणत होती, आणि प्रत्येक 'अंकल'मागे माझं अज्ञान एकेक इंच उघडं पडत होतं. थोडं उजाडल्यावर मी सहज दाखवतोय असं दाखवत आदल्या दिवशीची यादी तिच्यापुढे धरली.

"ब्लूथ्रोट? तार पर?"

मी म्हटलं, नीलकंठ.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. ब्लूथ्रोट हिवाळ्यात येणारा चिमणीएवढा लाजाळू पक्षी, पाणथळीच्या गवतात जमिनीवर वावरणारा. तारेवरचा माझा प्राणी म्हणजे इंडियन रोलर, आपला नीलपंख. मराठीने त्याचं नाव डोळे उघडे ठेवून दिलंय : निळाई असते पंखांत, आणि उडाल्याशिवाय ती फारशी दिसत नाही. गळा तपकिरी-जांभळट. म्हणजे हिंदीतल्या महादेवाला मी इंग्रजीत नेऊन भलत्याच देवळात बसवलं होतं. कपाटातला कोश उघडला असता तर हे घरीच कळलं असतं. पण मग तो कपाटात बसला नसता.

"और कौआ?" तिने यादी वरखाली केली. "कौआ नहीं दिखा? कबूतर भी नहीं?"

"वो तो... रहते ही हैं," मी म्हटलं.

मग तिने मला तिथेच, दवाने ओल्या दगडावर उभं करून समजावलं. यादीला 'पूर्ण' म्हटलं की तिच्यात जे नाही ते तिथे आढळलं नाही, असं धरतात. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी येतो आणि दहा वर्षांपूर्वी किती याद्यांत यायचा, यावरून तो वाढतोय की घटतोय ते काढतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल असाच झाला : तीस हजारांवर निरीक्षक, तीन कोटींवर नोंदी, 942 जातींची तपासणी. 'रहते ही हैं' म्हणून सोडून दिलेल्यांतलेच काही त्यात घसरलेले निघाले. माझा तारेवरचा नीलपंखही. दशकभरात तीस टक्क्यांच्या आसपास घट.

थोडक्यात, विज्ञानाच्या दरबारी 17 फेब्रुवारी 2024 रोजी सकाळी सर्वधर्म कॉलनीत एकही कावळा नव्हता. हे मी घडवून आणलं होतं. पितृपक्षात इथली माणसं गच्च्यांवर ताटं घेऊन ताटकळतात, त्यांना कळलं असतं तर त्यांनी माझंच पान वाढलं असतं.

प्रायश्चित्त म्हणून मी सगळ्यांत कंटाळवाणं काम मागून घेतलं : पाण्यावरचे वारकरी मोजायचे. इंग्रजीतला कूट, हिंदीतला टिकरी. काळं अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि थव्याने चालायची सवय. मोठ्या थव्याचा एकेक पक्षी मोजत नाहीत, हेही तेव्हा कळलं. आधी दहा मोजायचे, त्या दहांनी पाण्यावर किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तसे तुकडे किती भरतात ते पाहायचं. ऐकायला सोपं आहे. पण वारकरी बुड्या मारतात. सातवा मोजेपर्यंत तिसरा गायब, आणि तिसरा वर येतो तो अकराव्याच्या शेजारी. त्यात मध्येच एक टिबुकली वर आली आणि मी तिला चुकून टिळा लावला.

अशा वेळी पंढरपुराहून सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, कुठे आहात एवढ्या सकाळी?"

"तळ्यावर. वारकरी मोजतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. दोन दिवसांवर माघी एकादशी होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"अगं बाई! तिकडेही दिंडी निघते होय? किती आहेत?"

"आकडाच लागत नाहीये. सारखे पाण्यात बुड्या मारतायत."

"मारू द्या हो," त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "मोजायची घाई करू नका. पुण्याचं काम आहे." आणि गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फोन ठेवताना मला जपून राहायला सांगितलं. असल्या क्षणी पक्षिशास्त्र समजावून सांगणारा जावई मी तरी पाहिलेला नाही.

सव्वीस तुकडे भरले. सव्वीस दाहे दोनशे साठ, असं मी वहीत लिहिलं. घरी येऊन, पोहे खाऊन, तृप्त मनाने ॲप उघडलं, वहीतला आकडा पाहिला, तुकडे दहादहाचे होते हे आठवलं, आणि कर्तव्यबुद्धीने पुन्हा दहाने गुणलं. ॲपने लाल खूण दाखवली, आकडा फार मोठा वाटतो म्हणालं. मोठ्या कामाला यंत्रं अशीच बिचकतात, असं म्हणत मी पुढे गेलो. आदल्या दिवशीचा ब्लूथ्रोट मात्र खोडला आणि कावळ्यांना आठवणीतून परत आणलं. किती ते आठवेना, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "सहा. रोज सकाळी तुमच्या नावाची पोळी मीच घालते त्यांना." तिने आजवर एकही कोश विकत घेतलेला नाही.

दोन दिवसांनी पत्र आलं. असे अवाजवी आकडे तपासणारेही स्वयंसेवकच असतात. भाषा अतिशय सभ्य : नोंदीबद्दल आभार, एवढा मोठा थवा विलक्षण आहे, कसा मोजला ते सांगाल का, छायाचित्र आहे का? छायाचित्र होतं. त्यात मी होतो, दुर्बीण होती, मागे धुकं होतं आणि पाण्यावर चार काळे ठिपके. मी वही काढली, गुणाकार दुसऱ्यांदा पाहिला आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो. नोंद दुरुस्त करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. 2600 चे 260 झाले, त्या तपासनीसाचं पुन्हा आभाराचं पत्र आलं, आणि कलियासोतची इभ्रत वाचली.

पंढरपूरची नोंद मात्र मला दुरुस्त करता आलेली नाही. रविवारी संध्याकाळीच हिने आईला मोठ्या कौतुकाने आकडा सांगितला होता, आणि माघी एकादशीला आमच्या सासुरवाडीच्या अख्ख्या गल्लीत झालं होतं की भोपाळला दोन हजार सहाशे वारकरी जमले, पहाटे थंडगार पाण्यात उतरले आणि त्यांची मोजदाद आमच्या जावयाने केली.

आषाढीच्या आधी सासूबाईंचा फोन आला. "तुमच्याकडचे निघाले का हो?"

"निघाले," मी म्हटलं. उन्हाळा लागायच्या आतच निघून गेले होते.